गिअरपेटीचा साक्षीदार

सन दोन हजार बारा. मरबानियाचा तेविसावा दिवस. थंडीचे हे चाळीस दिवस आमच्या अरबी मुलखातल्या अजलूनच्या डोंगरात एकेक करून काढावे लागतात, म्हणून आज कितवा हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक असतं. त्या सकाळी जदानचा गुडघा गेला. त्या सकाळी मी खरं तेच बोललो आणि त्याच सकाळी माझं तोंड बांधलेलं होतं. हे दोन्ही एकदम कसं झालं ते सांगतो.

मी गिअरचा सेन्सर बोलतोय. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरपेटीला बाहेरून दोन बोल्टांनी आवळलेला एक असतो, तो मी. आता मी तिथे नाही. एका भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. अंगातून वीज जात नाही, कुणी काही विचारत नाही, म्हणून सवड आहे. लांबण लावणार नाही. ती माझी रीत नाही.

माझं काम आधी सांगतो. ते कुणाला नीट कळलं नाही म्हणूनच पुढचं घडलं.

लोकांना वाटतं गिअर मी बदलतो. मी काही बदलत नाही. मी फक्त सांगतो. ड्रायव्हर दांडा हलवतो, दांड्याची केबल ओढली जाते आणि गिअरपेटीतून बाहेर आलेला एक लोखंडी आस फिरतो. तो आस माझ्या मधल्या भोकातून जातो. तो फिरला की माझ्या पोटातली पितळेची जीभ त्याच्याबरोबर फिरते. पोटात तांब्याच्या पट्ट्या आहेत, कमानीसारख्या वाकवलेल्या, एकीबाहेर एक. जीभ पार्कवर आली की एक जोडी जुळते, रिव्हर्सवर दुसरी, न्यूट्रलवर तिसरी, पुढच्या गिअरांवर आणखी वेगळी. कुठली जोडी जुळली ते तारांमधून गाडीच्या कंप्युटरला समजतं. त्यावरून तो समोरच्या काचेमागे अक्षर पेटवतो आणि गिअरपेटीला कामाला लावतो.

रिव्हर्समध्ये गाडीमागचे पांढरे दिवे लागतात, ते माझ्या सांगण्यावरून. आणि किल्ली फिरवल्यावर स्टार्टरला वीज द्यायची की नाही, हेही माझ्या हातात. दांडा पार्कमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच मी वीज सोडतो. चाकांशी इंजिन जोडलेलं असताना गाडी सुरू झाली तर ती उडी मारते. ती मारू नये म्हणून मी नकार देतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हा नकार आहे आणि त्यासाठी मला फक्त शिव्या मिळाल्या.

माझा जन्म कोरियातला, सत्त्याण्णव सालच्या पानगळीतला. कारखान्यात एका बाईने माझ्या पट्ट्यांना करडं ग्रीस लावलं, झाकण दाबलं आणि मला तपासणीच्या यंत्रावर बसवलं. सहा जागा विचारल्या, सहाही बरोबर सांगितल्या. माझ्या अंगावर एक रेघ आहे. दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून ती रेघ आसाच्या खुणेशी जुळवायची आणि मग बोल्ट आवळायचे, अशी रीत. माझी रेघ केसभरही सरकलेली नव्हती. हे लक्षात ठेवा.

पहिली मालकीण शिक्षिका होती. गाडी थांबली की दांडा सरळ पुढे, पार्कमध्ये. मग हँडब्रेक. मग किल्ली. आठ वर्षं हा क्रम तिने मोडला नाही आणि आठ वर्षांत मला एकदाही नकार द्यावा लागला नाही. तिने कधी माझं नावही ऐकलं नसेल. चांगल्या मालकाच्या घरी माझ्यासारख्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

मग गाडी जहाजावर चढली, अकाबाच्या बंदरात उतरली आणि जरकाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात उन्हात उभी राहिली. तिथून नवाशने घेतली.

नवाशला गावात अबू राकान म्हणतात, थोरल्या मुलाच्या नावाने. तेव्हा तो साठीचा होता. एकतीस वर्षं त्याने वाळवंटाच्या रस्त्यावर टँकर हाकला होता, क्लच दाबून गिअर टाकायचा जुना टँकर. बोलणं कमी. मान ताठ. शाळा त्याने तिसरीत सोडलेली, आणि ती अरबी शाळा. दांड्याशेजारची परकी अक्षरं त्याच्यासाठी नुसत्या खुणा होत्या. त्याला वाचायची गरजही नव्हती. हाताला जागा कळत होत्या.

घोटाळा त्या हातात होता.

त्याचं घर उतारावर. गाडी तोंड खाली करून उभी राहायची. जुन्या टँकरवाल्यांची एक सवय असते. खाली तोंड करून गाडी लावली की रिव्हर्स गिअर टाकून ठेवायचा आणि पुढच्या चाकाला दगड लावायचा. साध्या गिअरच्या गाडीत हे बरोबरच आहे. बंद इंजिन चाकं धरून ठेवतं, गाडी घसरत नाही. ऑटोमॅटिकमध्ये रिव्हर्स काही धरून ठेवत नाही. पण नवाशच्या हाताने एकतीस वर्षं हेच केलं होतं आणि तो हात डोक्याला विचारायला जात नव्हता. सपाट जागी तो दांडा पूर्ण पुढे लोटायचा. घराच्या उतारावर एक घर मागे. हँडब्रेकची केबल सैल पडलेली. गाडी उभी राहायची ती दगडामुळे. किल्लीचं कुलूपही झिजलेलं, कुठल्याही जागी किल्ली निघायची.

मग सकाळ व्हायची. नवाश किल्ली फिरवायचा. मी बघायचो, जीभ रिव्हर्सवर. नाही म्हणायचो. तो पुटपुटायचा, दांडा पुढेमागे खडखडवायचा, हिसका मारून पुढे लोटायचा, पुन्हा किल्ली फिरवायचा. आता पार्क. मी वीज सोडायचो. गाडी सुरू. त्याला वाटायचं, हिसक्याने सुरू झाली.

सहा वर्षं असं चाललं. गावात गाडीची कीर्ती झाली. शेजारचा जदान म्हणायचा, यापेक्षा माझी गाढवी बरी, तिला सकाळी एकदाच हाक मारावी लागते. नवाश म्हणायचा, मग तिच्यावर बसून जा. जदान म्हणायचा, गेलो असतो, पण तिला इर्बिदचा रस्ता ठाऊक नाही.

इर्बिदला मोठं इस्पितळ. जदानची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जावं लागे, सकाळी साडेसातला खाटेवर हजर. नवाश त्याला न्यायचा. नातं नाही, कुळ एक नाही, फक्त दोन घरांमध्ये एक दगडी बांध. एकदा घेऊन गेला आणि मग तेच त्याचं काम झालं. या माणसाच्या मोठेपणाबद्दल मला कधी शंका नव्हती. पुढे जे सांगतो ते हे धरून ऐका.

मरबानियाच्या अठराव्या दिवशी बर्फ पडलं. एकोणिसाव्या दिवशी नवाश मिथ्कालच्या दुकानात गेला.

मिथ्काल गावातला मेकॅनिक. पस्तिशीचा, बाप वारलेला, घरी आई. हात स्वच्छ ठेवणारा मेकॅनिक मी तो एकच पाहिला. नवाशने सांगितलं, गाडी सकाळी सुरू होत नाही, दांडा हलवला की होते. परवा जदानला उशीर झाला, त्याची खाट दुसऱ्याला दिली, दुपारपर्यंत बसून राहिला. हे पुन्हा व्हायला नको.

हे दुखणं ऐकून कुठलाही मेकॅनिक माझंच नाव घेईल. माझ्या पट्ट्या झिजल्या, आत पाणी गेलं, की असंच होतं. दांडा हलवला की जीभ कुठेतरी टेकते आणि गाडी सुरू होते. मिथ्कालने गाडीखाली जाऊन माझ्यावर बॅटरीचा उजेड टाकला. रेघ बघितली. जागेवर होती. तो जरा थांबला. मी म्हटलं, आता विचारेल. घरीच का? इस्पितळाच्या सपाट आवारात हीच गाडी तितक्याच थंडीत पहिल्या किल्लीला कशी सुरू होते?

त्याने ते विचारलं नाही. वर नवाश उभा होता आणि नवाशला घाई होती. मिथ्काल म्हणाला, सेन्सर जरकाहून मागवतो, बर्फामुळे तिकडचा रस्ता बंद आहे, चारपाच दिवस लागतील. नवाश म्हणाला, जदानचं रक्त चारपाच दिवस थांबत नाही. काहीतरी कर.

मिथ्कालने माझ्या मागच्या तारांमधल्या दोन सोलल्या आणि एका लाल तुकड्याने एकमेकींना जोडल्या. स्टार्टरची वीज आता माझ्या बाजूने वळसा घालून जाणार. दांडा कुठेही असो, किल्ली फिरवली की इंजिन सुरू.

गाडीखालून बाहेर येऊन तो हात पुसत म्हणाला, "काका, ही तात्पुरती सोय आहे. सेन्सर येईपर्यंत आत बसूनच किल्ली फिरवा. ब्रेकवर पाय ठेवून. बाहेरून हात घालून नाही."

नवाश म्हणाला, "मला गाडी शिकवतोस?"

मिथ्काल हसला. "तुम्हाला कोण शिकवणार. आईची शपथ घालतो म्हणून तरी ऐका."

नवाशने मान हलवली. मिथ्कालला हे सांगावं लागलं, याला कारण होतं. थंडीत सगळा गाव एकच करतो. बाहेर उभं राहून खिडकीतून हात घालायचा, किल्ली फिरवायची, आणि गाडी गरम होईपर्यंत घरात जाऊन चहा प्यायचा. थंडगार सीटवर दोनदा कोण बसणार.

वीस, एकवीस, बावीस. गाडी रोज पहिल्या किल्लीला सुरू झाली. नवाश आत बसला होता, ब्रेकवर पाय होता, म्हणून ती जागची हलली नाही. नवाश खूश. जदान म्हणाला, गाढवीला सांगायला हवं, तिची जागा गेली.

तेविसाव्या दिवशी दव गोठून सगळं काचेसारखं झालं होतं. जदान आपल्या घरातून निघून बांधाच्या फटीतून आला. त्याच्या हातात जैतुनाच्या खारवलेल्या फळांची बरणी होती, इस्पितळातल्या नर्सबाईसाठी. ती ठेवायला तो डिकीमागे गेला. मागे बांध, पुढे डिकी, मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा. नवाश दाराशी आला. खिडकी खाली होती. त्याने बाहेरूनच हात घातला.

किल्ली अर्धी फिरली तेव्हा मी बोललो. जीभ रिव्हर्सवर होती. मी ते कंप्युटरला सांगितलं, काचेमागे अक्षर पेटलं, मागचे पांढरे दिवे लागले. बर्फावर पांढरा उजेड पडला. जेवढं माझ्या हातात राहिलं होतं तेवढं मी केलं. स्टार्टर अडवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

किल्ली पूर्ण फिरली. थंड इंजिन जोरात फिरतं. गाडीने मागे उडी मारली.

बरणी फुटल्याचा आवाज आला. नवाशने दार उघडलं, आत झेपावला आणि त्याचा हात दांड्याकडे गेला. रोज सकाळी जायचा तसाच, हिसका मारून पूर्ण पुढे. मग किल्ली बंद. माणसं धावत आली तेव्हा दांडा पार्कमध्ये होता. सगळ्यांनी तो तिथे पाहिला.

जदानचा उजवा गुडघा बंपर आणि बांध यांच्यात चिरडला होता. जीव वाचला. गुडघा पुन्हा वाकला नाही.

दुसऱ्या दिवशी मिथ्काल आला. गाडीखाली शिरला, दोन बोल्ट सोडले, आस मोकळा केला आणि मला खाली घेतलं. लाल तार त्याने तोडली नाही, माझ्या अंगावरच दोन्ही टोकांनी लोंबत ठेवली. तशीच मला नवाशच्या हातावर ठेवत म्हणाला, हे माझं काम आहे, तुमच्यापाशी असू द्या. तो ते लपवू शकला असता. गाडीखाली कोण बघायला जातो.

चौथ्या दिवशी जाहा निघाली. आमच्याकडे कुणाला इजा झाली की पोलिसांचं त्यांच्या जागी होतं, पण वडीलधारी मंडळी जमून इजा झालेल्याच्या घरी जातात. त्यांच्यापुढे कॉफीचा फिंजान, बिनकानाचा छोटा पेला, ठेवला जातो. दोष कबूल होऊन यजमान माफी देईपर्यंत तो कुणी ओठाला लावत नाही. अकरा माणसं जदानच्या बैठकीत बसली. जदान इस्पितळात, त्याचा भाऊ यजमान. नवाशने मला सतरंजीवर मधोमध ठेवलं.

म्हणाला, दांडा जागेवर होता. माझा हात चाळीस वर्षांत चुकलेला नाही. हा सेन्सर खराब होता आणि त्यावर तार मिथ्कालने टाकली.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. आणि नवाशला तसं वाटतं म्हटल्यावर गावात कुणाला वेगळं वाटत नाही.

सगळ्यांनी मिथ्कालकडे पाहिलं. ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं होतं, आत बसायला सांगितलं होतं, आईची शपथ घातली होती, यातलं काहीही तो बोलला नाही. भर मंडळीत साठी उलटलेल्या माणसाला खाली पाहायला लावणं त्याच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, तार मी टाकली. एवढंच. मग यजमान म्हणाला, कॉफी प्या. मंडळींनी कॉफी प्यायली आणि पुरे म्हणायच्या रीतीने रिकामे फिंजान हलवून परत दिले. दोष मिथ्कालच्या दारात जाऊन बसला.

मी सतरंजीवर पडून होतो. पट्ट्यांना वीज नाही, जीभ फिरवायला आस नाही. कुणी मला उघडून पाहिलं असतं तर कळलं असतं, आत झीज नाही, पाणी नाही. पण खराब ठरलेल्याला उघडून कोण बघतो.

त्यानंतर मिथ्कालच्या दुकानासमोर गाडी थांबेना. कुणी त्याला काही बोललं नाही. फक्त थांबेना. उन्हाळा लागायच्या आत त्याने शटर ओढलं आणि जरकाला भंगाराच्या बाजारात दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागला. शुक्रवारी आईला भेटायला येई आणि मशिदीत मागच्या रांगेत बसे.

मला नवाशने डॅशबोर्डवर ठेवलं होतं, लाल तारेसकट. गाडीत बसलेल्याला दाखवायचा, हाच तो. फेब्रुवारीत अजलूनच्या एका मेकॅनिकने माझ्या जागी नवा सेन्सर बसवला. कोरा, माझ्याच घडणीचा. नवाशने गाडी घरी आणली, उतारावर लावली, चाकाला दगड लावला.

दुसऱ्या सकाळी तो आत बसला. किल्ली फिरवली.

नव्याने नकार दिला.

नवाशचा हात हिसका मारायला दांड्यावर गेला आणि तिथेच थांबला. मी समोरच होतो, मला त्याचा चेहरा दिसत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने दांड्याकडे डोळ्यांनी पाहिलं. दांडा पूर्ण पुढे नव्हता. एक घर मागे होता.

त्याने दांडा पुढे लोटला. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. बंद केली. दांडा एक घर मागे घेतला. किल्ली. नाही. पुन्हा पुढे. सुरू. असं त्याने तीनदा केलं. मग बराच वेळ दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. एकच खोड दोन सेन्सरना असू शकत नाही, हे कळायला शाळा लागत नाही.

मग त्याने मला उचललं, समोरचा खण उघडला आणि टिश्यूच्या खोक्याखाली टाकून दिलं.

अंधारात मी अकरा महिने होतो. त्याने सवय बदलली. रोज दांडा पूर्ण पुढे. पण तोंड उघडलं नाही. मला त्याचा राग आला नाही. मीही आयुष्यभर एकाच गोष्टीवर उभा होतो, की मी चुकत नाही. ती गोष्ट गेली की माणसापाशी काय उरतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नाही. फक्त शुक्रवारी मशिदीहून आला की तो गाडीत एकटाच बसून राही, किल्ली न लावता. मागची रांग त्याला दिसत असणार.

जदान एप्रिलपासून पुन्हा गाडीत बसू लागला. काठी घेऊन, पाय लांब करून, सीट मागे सरकवून. थट्टा तीच. म्हणे, तुझ्या गाडीत बसायचं तर आधी मुलांना बोलावून वाटण्या करून यायला हवं.

जैतुनांचा हंगाम झाला. पुन्हा मरबानिया लागला. एका सकाळी इर्बिदच्या रस्त्यावर जदानने नाक पुसायला टिश्यू काढायचा म्हणून खण उघडला आणि त्याच्या हाताला मी लागलो.

त्याने मला मांडीवर घेतलं. लाल तार बोटाने सरळ केली. मग म्हणाला, "त्या सकाळी गाडीचे मागचे पांढरे दिवे लागले होते, अबू राकान."

नवाश रस्त्याकडे बघत होता.

"मी बरणी ठेवत होतो. पायाखालचं बर्फ एकदम पांढरंशुभ्र झालं. मी दिवा बघून बाजूला सरायला लागलो. एक पाय बाहेर निघाला, एक राहिला. नाहीतर आज तुझ्या गाडीत दोन काठ्या असत्या."

"वर्षभर बोलला नाहीस."

"मी इस्पितळात होतो. घरी आलो तोवर तू शब्द टाकून झाला होतास. सगळ्यांसमोर. तुझा शब्द मी कसा खोडू? तूच मला जगवतोयस." जदानने मला डॅशबोर्डवर ठेवलं, माझ्या जुन्या जागी. "माझा गुडघा मी तुला केव्हाच सोडला. पण त्या मिथ्काल पोराचं गेलेलं नाव माझ्याकडे नाही, मी ते कुठून परत करू? ते तुझ्याकडे आहे."

नवाशने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दांडा पूर्ण पुढे लोटला. हँडब्रेक ओढला. मग तो म्हणाला, मला फेब्रुवारीपासून ठाऊक आहे.

जदान म्हणाला, "मला ठाऊक आहे, की तुला ठाऊक आहे. तू हल्ली गाडी सुरू करताना शिव्या देत नाहीस." मग काठी सावरत म्हणाला, "चल आता. आज पुन्हा माझी खाट दुसऱ्याला दिली तर दोष कुणाच्या दारात ठेवणार?"

आता शेवटचं राहिलं. त्याआधी एक मागणं आहे, ते आत्ताच मागतो, नंतर बोलणार नाही. तुमच्यापैकी कुणाची गाडी एखाद्या सकाळी सुरू झाली नाही तर शिवी देण्याआधी दांडा कुठे आहे ते बघा. नाही म्हणणारा प्रत्येक जण बिघडलेला नसतो. त्याला काही दिसलेलं असतं. त्याच्यावर तार टाकण्याआधी त्याला एकदा विचारा.

शुक्रवार होता, मरबानियाचा एकतिसावा दिवस. नवाशने गेल्या वर्षीची तीच अकरा माणसं घरोघर फिरून स्वतः गोळा केली. कशाला ते कुणाला सांगितलं नाही. पुढे जदान होता, काठी टेकत. ज्याचा गुडघा गेला तोच जाहा घेऊन निघाला आहे, हे पाहून माणसं दारांत उभी राहिली. मंडळी मिथ्कालच्या घरी गेली. त्याची आई आतल्या दाराशी उभी राहिली. मिथ्कालने सगळ्यांना बसवलं, स्वतः कॉफी ओतली, एकेकापुढे फिंजान ठेवला. नवाशने आपला उचलला नाही. ते पाहून बाकीच्यांनीही हात मागे घेतले.

नवाशने खिशातून मला काढलं आणि सतरंजीवर ठेवलं. तसंच, मधोमध.

"गेल्या वर्षी मी म्हणालो, दांडा जागेवर होता. नव्हता. रिव्हर्समध्ये होता. मीच टाकला होता, रोज टाकत होतो. मिथ्कालने मला सांगितलं होतं, आत बस, ब्रेकवर पाय ठेव. आईची शपथ घातली होती. मी बाहेर उभा राहून किल्ली फिरवली. हा सेन्सर चांगला होता. दोष माझा आहे, आणि तो वर्षभर या घरात राहिला. तो न्यायला आलोय."



मिथ्कालने मला उचललं. उलटं केलं, रेघ बघितली, अंगठ्याने तिच्यावरची धूळ पुसली. लाल तार दोन्ही टोकांनी उपटली आणि मुठीत धरून बसला.

"तार मीच टाकली होती, काका," तो म्हणाला.

"मी टाकायला लावली."

आतल्या दाराशी आईने ओढणीने डोळे टिपले आणि ती आत गेली. मिथ्कालने मला आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मी आता टांगलेला आहे ती भिंत त्याचीच. मग म्हणाला, "कॉफी घ्या. गार होतेय."

नवाशने फिंजान उचलला, कॉफी प्यायली आणि रिकामा फिंजान हलवून परत केला.